उन्हावर चालणारा पंखा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठी व कालव्यांच्या लाभक्षेत्रात उसाचे हिरवे पट्टे दिसतात. त्यांपासून दूरच्या माळरानावर मात्र चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या आसपास पोचतो आणि पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसणे कठीण होते. घरगुती वीज आता बहुतेक गावांत आली आहे. परंतु ऊसतोडणी मजुरांच्या कोपीत, वीटभट्टीवरील झोपडीत किंवा मेंढपाळाच्या मुक्कामावर ती नसते. वळवाच्या वादळात तारा तुटल्या, म्हणजे गावातही काही तास पंखे थांबतात. पंख्याची निकड सर्वांत अधिक असते त्याच वेळी डोक्यावरचे ऊनही सर्वांत प्रखर असते. उन्हापासून वीज आणि त्या विजेपासून वारा, ही कल्पना म्हणूनच या भागात सहज पटण्यासारखी आहे.

असा छोटा, हातात उचलून नेता येणारा पंखा बाजारात तयार मिळतो. तरीही तो शाळेतील मुलांनी किंवा गावातील एखाद्या होतकरू तरुणाने स्वतः जुळवावा असे सुचवण्यास एक सबळ कारण आहे. सौर उपकरणे गावोगाव पोचली, पण तार सुटली, बॅटरी उतरली किंवा दोन रुपयांचा फ्यूज गेला, एवढ्यावरून ती महिनोन्‌महिने बंद पडून राहिल्याची उदाहरणे पंचायत सदस्यांना नवी नाहीत. बिघाड क्षुल्लक असतो, पण तो ओळखणारा माणूस गावात नसतो. पंखा ज्याने स्वतः जुळवला आहे, त्याला तो उघडण्याची भीती वाटत नाही.

पाबळची रीत

या विचाराला शिरूर तालुक्यातच एक जुने आणि भक्कम अधिष्ठान लाभले आहे. पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेले पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकांना मस्तानीच्या समाधीमुळे परिचित आहे. शिक्षणक्षेत्रात मात्र ते विज्ञान आश्रमामुळे ओळखले जाते. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ शास्त्रज्ञाचे स्थिर पद सोडून डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात आश्रमाची स्थापना केली. भारतीय शिक्षण संस्था या पुण्यातील संस्थेचे केंद्र म्हणून हे काम उभे राहिले. हातांनी प्रत्यक्ष काम करता करता शिकणे हा शिक्षणाचा सर्वांत स्वाभाविक मार्ग आहे आणि खेड्यातील शाळेत तो पुन्हा आणता येतो, हे डॉ. कलबागांना दाखवून द्यायचे होते.

त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम आकाराला आला. आयबीटी या आद्याक्षरांनी तो अनेक शिक्षकांना परिचित आहे. आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी या कामाची चार क्षेत्रे आहेत. येथे शिकवणारा बहुधा गावातलाच कारागीर किंवा प्रशिक्षित तरुण असतो. विद्यार्थ्यांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे आणि त्याचे माफक मोल गावाने द्यावे, हा या रीतीचा महत्त्वाचा भाग होय. वेल्डिंग केलेले फाटक डगमगले, तर ते परत येते. परीक्षेतील गुणांपेक्षा ही कसोटी कडक असते.

डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्यापूर्वी २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या सहकार्याने पाबळ येथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साह्याने वस्तू घडवणारी छोटी कार्यशाळा सुरू झाली होती. अशा प्रकारच्या जगातील अगदी पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. आयआयटी मुंबईने २०१४ च्या सुमारास हाती घेतलेल्या दशलक्ष सौर दिव्यांच्या योजनेतही दिव्यांची जुळणी, विक्री आणि दुरुस्ती प्रशिक्षित स्थानिक व्यक्तींकडेच सोपवण्यात आली होती. दोन्ही ठिकाणचा अनुभव एकाच दिशेने बोट दाखवतो. पुढे वर्णन केलेला पंखा याच रीतीने, कोणत्याही माध्यमिक शाळेत दोन-तीन तासिकांत तयार होऊ शकेल असा आहे.

सौर पॅनेल म्हणजे काय

प्रकाशामुळे वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिले. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. असा एक घट, मग तो नखाएवढा असो वा तळहाताएवढा, काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट इतकाच विद्युतदाब देतो. आकार वाढला की दाब वाढत नाही, विद्युतप्रवाह वाढतो. दाब वाढवण्यासाठी घट एकापुढे एक माळेसारखे जोडावे लागतात. बाजारात '१२ व्होल्टचे' म्हणून मिळणाऱ्या पॅनेलमध्ये साधारणपणे ३६ घट असतात. म्हणजे भर उन्हात ते १२ नव्हे, तर सुमारे १८ व्होल्ट देते; काहीच जोडलेले नसताना तर २१ व्होल्टच्याही वर जाते. हे नाव १२ व्होल्टच्या बॅटरीवरून पडले आहे, पॅनेलच्या दाबावरून नव्हे. नवशिक्यांचे पंखे जळतात ते बहुधा या एका नावामुळे.

घट माळेत असल्याने आणखी एक गोष्ट घडते. शेताच्या चारीत एका जागी दगड पडला, की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी कमी होते. त्याचप्रमाणे पॅनेलच्या एका घटावर हात, पान किंवा खांबाची सावली पडली तरी संपूर्ण माळेतील प्रवाह रोडावतो. पंखा चालू असताना पॅनेलच्या एका कोपऱ्यावर वही धरून पाहावी. हा प्रयोग फळ्यावरील अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा अधिक सांगून जातो.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे प्रयोगशाळेतील परिस्थितीचे असतात. प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश, अशी ती परिस्थिती होय. वैशाखातील दुपारी काळसर पॅनेल तापून ६० अंशांवर जाते. सिलिकॉनच्या घटाची शक्ती प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते. त्यामुळे नुसत्या तापण्याने सातवा हिस्सा जातो. पॅनेल थेट पत्र्यावर न टेकवता मागून वारा खेळेल असे ठेवावे, ते यासाठी.

मोठे पॅनेल म्हणजे चांगला पंखा नव्हे

पंख्यासाठी संगणकाच्या डब्यात बसवतात तो १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा सोयीचा पडतो. तो दुरुस्तीच्या दुकानात नवा मिळतो, जुन्या संगणकातूनही निघतो. त्याच्या लेबलावर '१२ व्होल्ट, ०.३० अँपिअर' असे काहीसे छापलेले असते. १२ ला ०.३ ने गुणले की ३.६ वॉट येतात. घरातील जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी प्रकारचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. त्यावरून या छोट्या पंख्याकडून काय अपेक्षा करावी हे स्पष्ट होते. एका माणसाच्या तोंडावर, हात-दीड हातावरून वारा घालणे एवढेच त्याचे काम आहे. वर्ग थंड करणे त्याच्या आवाक्यात नाही. पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते हा नियम लक्षात घेतला, म्हणजे पात्यांचा वेग वाढवण्याच्या हौसेला आपोआप आळा बसतो.

हा पंखा बॅटरीविना सरळ पॅनेलला जोडायचा असेल, तर ५ वॉटचे पॅनेल घ्यावे. ते भर उन्हात सुमारे ०.२८ अँपिअर प्रवाह देते. पंख्याची भूकही तेवढीच आहे. त्यामुळे पॅनेलचा दाब १८ वर चढू शकत नाही, पंखा त्याला १२ च्या आसपास ओढून धरतो. त्याऐवजी कोणी हौसेने २० वॉटचे पॅनेल जोडले, तर ते पंख्याला लागतो त्याहून कितीतरी अधिक प्रवाह देऊ शकते; मग दाब १८ ते २० व्होल्टपर्यंत चढतो, पंखा थोडा वेळ भन्नाट फिरतो आणि आतील इलेक्ट्रॉनिक भाग जळतो. ५ वॉटच्या पॅनेलवरही खात्री करून घ्यावीच, कारण काही पंखे लेबलापेक्षा कमी प्रवाह घेतात. भर दुपारी पंखा फिरत असताना मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. तो १३ व्होल्टच्या वर जात असेल, तर तसाच दुसरा पंखा समांतर जोडावा. एकाऐवजी दोघांना वारा मिळतो आणि दाब खाली येतो. किंवा दाब कमी करणारी छोटी पाटी, जिला दुकानात बक कन्व्हर्टर म्हणतात, ती १२ व्होल्टवर लावून मध्ये बसवावी. ओहमचा नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला येथे तो प्रथमच कामाला लावावा लागतो.

जुळणी

१५ सेंटिमीटर बाजूचा प्लायवूडचा चौकोनी तुकडा घेऊन त्यात ११५ मिलिमीटर व्यासाचे भोक कापावे. पंख्याच्या चार कोपऱ्यांवरील छिद्रे एकमेकांपासून १०५ मिलिमीटर अंतरावर असतात, ती पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. पंख्याच्या चौकटीवर बहुधा दोन बाण कोरलेले असतात. एक पाते फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा वारा जाण्याची. बाण नसतील, तर ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो असे साधारणपणे समजावे. नटबोल्ट आवळताना चौकट पिळली जाऊ नये, नाहीतर पाते घासते. दोन्ही बाजूंना जाळी बसवावी. हे पाते हलके असले तरी लहान मुलांची बोटे आणि मोकळे केस यांचा विचार आधी व्हावा. फळीला खाली आडवा पाय ठोकून ती किंचित मागे कलती ठेवली, की वारा बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो. पंख्याच्या मागे निदान वीतभर जागा मोकळी हवी. भिंतीला टेकवलेला पंखा हवा ओढणार कोठून?

पॅनेल उन्हात आणि माणूस सावलीत, हे उघड आहे. पण तयार मिळणाऱ्या अनेक खेळणीवजा पंख्यांत पॅनेल पंख्याच्याच डोक्यावर बसवलेले असते, ते कशासाठी हे कळत नाही. येथे पॅनेलपासून पंख्यापर्यंत चार-पाच मीटरची लाल-काळी जोडवायर वापरावी. एवढ्या थोड्या प्रवाहाला तेवढ्या लांबीत फारसा तोटा होत नाही. लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. साधी खेळण्यातील मोटार उलट जोडली, तर पंखा उलटा फिरतो इतकेच. संगणकाचा पंखा मात्र उलट जोडल्यास फिरतच नाही आणि बिघडूही शकतो, म्हणून जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे. पंख्यातून तिसरी पिवळी तार निघत असेल, तर ती वेग मोजण्यासाठी असते, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून सोडून द्यावी. जोड नुसते पीळ देऊन ठेवू नयेत. डाख द्यावा, वरून चिकटपट्टी लावावी आणि तार ओढली तर ताण जोडावर न येता फळीवर येईल अशी एक गाठ किंवा पट्टी ठोकावी. उचलून नेण्याच्या उपकरणात पहिला बिघाड येथेच होतो.

पॅनेलची दिशा दक्षिणेकडे असावी असे पुस्तकात असते आणि वर्षभराच्या सरासरीसाठी ते बरोबर आहे. शिरूर-दौंडचे अक्षांश साडेअठरा ते पावणेएकोणीस अंशांच्या आसपास असल्याने कायमच्या बैठकीला साधारण तेवढाच कल देतात. परंतु मेच्या मध्यास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पंखा लागतो तो याच दिवसांत. तेव्हा उन्हाळ्यात पॅनेल जवळजवळ आडवे ठेवणेच हिताचे. सकाळी मावळते-उगवते ऊन तिरके असताना पंखा थरथरतो, पण फिरत नाही, अशी तक्रार येते. तो बिघाड नव्हे. सुरुवातीचा झटका देण्याइतका दाब अजून आलेला नसतो. बोटाने पाते हलवल्यास साधी मोटार कधी कधी धावू लागते, संगणकाचा पंखा मात्र ऊन वर येईपर्यंत वाट पाहायला लावतो.

रात्रीची सोय

कोपीतील माणसाला पंखा दुपारी नको असतो, कारण दुपारी तो फडात असतो. त्याला तो रात्री हवा असतो. अशा वेळी बॅटरी अपरिहार्य ठरते आणि हिशेब बदलतो. दुचाकीच्या बॅटरीहून थोडी मोठी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी दोन किलोहून अधिक वजनाची असते. ती दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे ३.५ अँपिअर-तास. ०.३ अँपिअर घेणारा पंखा त्यावर सुमारे अकरा तास चालेल. पण उतरलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी भरली पाहिजे. या भागात दिवसाकाठी सरासरी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो. ५ वॉटचे पॅनेल त्यात १.४ अँपिअर-तास देईल, आणि तेही गळती वजा न करता. रात्रभराच्या पंख्याला ते पुरणार नाही. १० वॉटचे पॅनेल २.७ देईल, पाचवा हिस्सा तोट्यात धरला तरी सात तासांचा वारा पदरात पडतो. बॅटरी मध्ये असल्यावर मोठ्या पॅनेलची भीती राहत नाही, कारण बॅटरी स्वतःच दाब आवरून धरते.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो पॅनेल तोडतो, फार उतरली की पंखा बंद करतो आणि रात्री बॅटरीतील वीज पॅनेलमध्ये उलटी वाहू देत नाही. कंट्रोलरला प्रथम बॅटरी, नंतर पॅनेल, शेवटी पंखा असा जोडण्याचा क्रम ठेवावा, सोडवताना उलट. बॅटरीच्या धन टोकालगत २ अँपिअरचा फ्यूज बसवण्यात हयगय करू नये. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, यामुळे मुले निर्धास्त होतात. परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणात तापून लाल होऊ शकतो, आणि कोपी उसाच्या पाचटाची असते. शिक्षकांनी हे एक वाक्य दर वर्षी नव्या तुकडीला न विसरता सांगावे.

पंख्याची मर्यादा

पंखा हवा थंड करत नाही. अंगावरील घाम वाळवून तो शरीराला थंडावा देतो. हवाच शरीरापेक्षा बरीच तापली असेल, तर तोच पंखा भट्टीच्या भात्यासारखे काम करतो. म्हणूनच तापमान ४० अंशांवर गेले असता केवळ पंख्यावर विसंबू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अशा दुपारी ओले फडके अंगावर घेऊन पंख्यासमोर बसणे अधिक उपयोगी. वैशाखातील हवा कोरडी असल्याने पंख्यापुढे टांगलेल्या ओल्या वाळ्याच्या पडद्याचाही गुण येतो. पाणी मात्र जोडांपासून व बॅटरीपासून दूर राहील अशी मांडणी हवी. भोवळ, उलटी किंवा घाम थांबून अंग तापणे अशी लक्षणे दिसल्यास पंखा वारत न बसता रुग्णाला सावलीत घेऊन अंग ओले करावे आणि तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

शाळेच्या दप्तरात

असा पंखा शाळेने केला, तर त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होईलच. त्याबरोबर फळीच्या मागे एक कागद चिकटवावा. जुळणीची तारीख, बॅटरी विकत घेतल्याची तारीख, भर उन्हात मोजलेला दाब आणि प्रवाह, एवढे त्यावर असावे. पुढे पंखा मंदावला की हेच आकडे पुन्हा मोजायचे. प्रवाह घटला असेल, तर पॅनेलवर धूळ आहे किंवा सावली पडते. उसाच्या गाड्यांच्या रस्त्याकडेला आठवड्यात पॅनेल मळते, ते सकाळी थंड असताना ओल्या फडक्याने पुसावे. पॅनेलपाशी दाब ठीक असून पंख्यापाशी येत नसेल, तर जोड सुटला आहे. दोन्हीकडे दाब आहे आणि पंखा स्तब्ध आहे, तर दोष पंख्यातच, तो बदलावा. नववीतील मुलगा पाच मिनिटांत एवढे निदान करू शकतो. ग्रामपंचायतीचे बंद पडलेले सौर पथदिवे याच तीन मोजमापांनी तपासता येतात, अर्थात शिडीवर चढण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. पाबळच्या रीतीप्रमाणे या तपासणीचे माफक मोल शाळेला मिळाले, तर पुढच्या तुकडीचे पॅनेल त्यातून येऊ शकते.

पावसाळा सुरू झाला की पंख्याचे काम कमी होते. बॅटरी तशीच उतरलेली ठेवल्यास चार महिन्यांत निकामी होते, म्हणून महिन्यातून एकदा ती पूर्ण भरून ठेवावी. पंख्याला या काळात दुसरे काम देता येते. सौर वाळवणी यंत्राच्या पेटीत ओलसर हवा कोंडून राहते. हाच १२ व्होल्टचा पंखा तिच्या वरच्या तोंडाशी हवा बाहेर टाकील असा बसवला, तर उघडीप मिळेल तेव्हा मेथी, कढीपत्ता, आवळा लवकर वाळतो. ऊन वाढले की वारा वाढतो, ढग आला की दोन्ही मंदावतात, आणि त्यासाठी वेगळे बटण लागत नाही. बॅटरी कालांतराने संपली, म्हणजे ती भंगारात फोडू न देता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरास पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि तिच्यातील शिसे मुलांच्या हाताला लागणे बरे नव्हे.